फिरवायच्या मुठीचे गियर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमटीबी (माउंटन बाइक) घेताना, पार्किंगमध्ये पडलेली जुनी सायकल पुन्हा बाहेर काढताना, किंवा गियर पडेनासे झाले की जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची वेळ आली तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय. मूठ जड झाली म्हणून इथे आला असाल तर थेट प्रश्न ७ वाचा. सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते.

१. ट्विस्ट शिफ्टर म्हणजे नेमकं काय? ट्रिगर आणि यात फरक काय?

हँडलच्या मुठीचा आतल्या बाजूचा भाग, जिथे अंगठा आणि तर्जनी येतात, तो गोल फिरतो आणि त्यावर गियर बदलतात. हा ट्विस्ट शिफ्टर. ज्यांनी जुनी बजाज चेतक स्कूटर चालवलीय त्यांना वेगळं सांगायला नको: तसंच मुठीतलं गियर, फक्त क्लच नाही. मुठीच्या आत बहुधा प्लास्टिकचा एक ड्रम असतो. मूठ फिरवली की गियरची केबल त्याच्यावर गुंडाळली जाते किंवा सुटते. ड्रमला खाचा असतात आणि एक छोटी स्प्रिंग त्या खाचेत ‘टक्’ करून बसते. एक टक् म्हणजे एक गियर.

ट्रिगरमध्ये हेच काम हँडलखालचे दोन खटके करतात. एक केबल ओढतो, दुसरा सोडतो. आतली यंत्रणा मात्र बरीच गुंतागुंतीची असते: बारीक दाते, त्यांना अडवणारे खटके, दोन-तीन स्प्रिंगा. दोन्ही प्रकार शेवटी केबलच ओढतात. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) यांना वर हँडलला काय बसवलंय याचा पत्ताही नसतो.

२. मूठ कुठल्या बाजूला फिरवली की गियर हलका होतो? मी रोज मोटरसायकल चालवतो, माझा नेहमी गोंधळ होतो.

उजव्या हाताची, म्हणजे मागच्या गियरची मूठ स्वतःकडे फिरवली की केबल ओढली जाते, चेन मोठ्या दात्यांच्या चकतीवर चढते आणि गियर हलका होतो. पुढे फिरवली की जड.

मोटरसायकलवाल्यांचा गोंधळ इथेच होतो. तिथे उजवी मूठ स्वतःकडे पिळली की गाडी पळते. इथे तीच हालचाल केली की पाय भसकन मोकळे फिरतात आणि सायकल रेंगाळते. सवय व्हायला वेळ लागतो, पण होते. तोवर मुठीवरचे आकडे बघा. १ म्हणजे सगळ्यात हलका, चढाचा.

डाव्या मुठीचं उलटं असतं. तिथे केबल ओढली की चेन पुढच्या मोठ्या चकतीवर जाते, म्हणजे गियर जड होतो. यातही एक अपवाद आहे. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने काही वर्षं ‘रॅपिड राइज’ नावाचे उलट्या स्प्रिंगचे मागचे डिरेलर काढले होते. जुन्या सायकलवर तसा असेल तर उजव्या मुठीचंही सगळं उलटं चालेल. तो बिघाड नाही.

३. याचे खरंच काही फायदे आहेत, की स्वस्त पडतात म्हणून कंपन्या लावतात?

दोन्ही. स्वस्त पडतात हे खरंच आहे, कारण सुटे भाग कमी. पण भाग कमी असण्याचा फायदा तुम्हालाही मिळतो.

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एका हालचालीत कितीही गियर बदलता येतात. सिंहगडाच्या रस्त्यावर एखादं वळण संपता संपता चढ अचानक अंगावर येतो, तेव्हा ट्रिगरच्या एका दाबात साधारण तीन गियर हलके होतात, मग पुन्हा दाबा. ट्विस्टला मनगटाचं एकच वळण पुरतं. उलट दिशेला फरक आणखी मोठा. चढ संपून उतार लागला की ट्रिगर एका वेळी एक किंवा दोन गियर सोडतो, मूठ मात्र एका झटक्यात टोकाला नेता येते.

दुसरा फायदा पडून राहिलेल्या सायकलीचा. चार-पाच वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली सायकल काढली की ट्रिगरच्या आतलं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं. खटका दाबला तरी आतला दाता धरत नाही, नुसता पोकळ जातो. दुकानात सांगतात, ‘शिफ्टर गेला, नवीन घ्या.’ (बऱ्याचदा गेलेला नसतो, साफ करून तेल दिलं की चालू होतो, पण ते वेगळं प्रकरण.) ट्विस्टमध्ये असे नाजूक खटके नसतात. जड होईल, कुरकुरेल, पण गियर पाडतो.

शिवाय आदळलं तर तुटायला खाली काही लोंबत नसतं. हातमोजे घालूनही चालतो. आणि पाचही बोटं हँडलभोवती राहतात.

४. मग तोटे काय?

नको तेव्हा गियर बदलणं हा पहिला आणि मुख्य. त्याचं सविस्तर उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

दुसरा, ब्रेक आणि गियर एकदम लागतात तेव्हाची पंचाईत. ट्रिगरवर तर्जनी ब्रेकवर ठेवून अंगठ्याने गियर टाकता येतो. ट्विस्टवर मूठ फिरवताना ब्रेकवरच्या बोटाची जागा आणि दाब दोन्ही बदलतात. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी, सुट्या खडीच्या उतारावरून वळून लगेच चढ असतो तिथे हे जाणवतं. जमतं, पण मुद्दाम सराव करावा लागतो.

तिसरा, जागा. फिरणारा भाग मुठीची जागा खातो, त्यामुळे स्थिर ग्रिप आखूड होते आणि ब्रेक लिव्हर आत सरकतो. मोठ्या पंजाच्या माणसाचा निम्मा तळवा फिरणाऱ्या भागावर येतो, आणि तिथून पहिला तोटा पुन्हा सुरू होतो. लहान हातांची तक्रार वेगळी. फिरणारा भाग जाड असतो, त्यावरच्या रबराच्या कंगोऱ्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात घट्टे पडतात.

चौथा बाजाराचा. वरच्या दर्जाचे पर्याय फारच थोडे उरलेत. शिमानोने डिओरे एक्सटी, एक्सटीआर अशा वरच्या गटांत एमटीबीसाठी मुख्यतः ट्रिगरच ठेवले. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग आलं तेही बटणांवर.

५. खडबडीत उतारावर किंवा उभं राहून चढताना गियर आपोआप बदलतो. शिफ्टर ढिला झालाय का?

बहुधा नाही. आधी हात कुठे येतो ते बघा.

उभं राहून जोर लावताना आपण हँडल वर ओढतो आणि मनगट खाली वळतं. तळवा फिरणाऱ्या भागावर असेल तर मूठ स्वतःकडे फिरते, गियर एकदम हलका होतो आणि ऐन जोराच्या क्षणी पाय रिकामा जातो. उडी मारताना, मोठ्या दगडावरून चाक उचलताना असंच होतं.

उपाय क्रमाने करा. आधी पकड बाहेर सरकवा, म्हणजे तळव्याचा भार स्थिर ग्रिपवर आणि फिरणाऱ्या भागावर फक्त अंगठा-तर्जनी. जागा पुरत नसेल तर ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर दोन्ही आत सरकवून थोडी लांब स्थिर ग्रिप बसवा. तरीही होत असेल, तर सायकल उभी करून मूठ हलक्या हाताने दोन्हीकडे हलवून बघा. खाच ‘टक्’ करून धरत नसेल, मूठ मधेच लोंबकळत असेल, तर खाचा किंवा स्प्रिंग झिजलीय. झिजलेला ड्रम दुरुस्त होत नाही, शिफ्टर बदला.

एक तिसरी शक्यता लोक विसरतात. मूठ जागची हलत नाही, तरी चेन उडते. तेव्हा दोष केबलच्या ताणात, वाकलेल्या हँगरमध्ये (डिरेलर फ्रेमला जिथे अडकतो तो भाग) किंवा झिजलेल्या चेनमध्ये असतो. मुठीला बोल लावू नका.

तुम्ही मुख्यतः उड्या, ड्रॉप, तीव्र उतार यासाठीच सायकल चालवत असाल तर सरळ ट्रिगर घ्या. तिथे ट्विस्टची बाजू मी घेणार नाही.

६. स्वस्त सायकलींवरच दिसतात, म्हणजे हा प्रकारच हलक्या दर्जाचा ना?

तसा समज आहे, पण सुरुवात उलटी झाली. शिकागोत १९८७ मध्ये स्रॅम कंपनी निघाली आणि ‘ग्रिप शिफ्ट’ हे तिचं पहिलं उत्पादन. १९८८ मध्ये ते आलं ते एमटीबीसाठी नव्हे, रस्त्यावरच्या आणि ट्रायथलॉनच्या सायकलींसाठी. हात न सोडता गियर टाकता यावा हा हेतू. एमटीबीवर ते नव्वदीच्या सुरुवातीला आलं आणि क्रॉस-कंट्री शर्यतींत भलतंच चाललं, कारण वजन कमी आणि एका वळणात गियरची अख्खी रांग पार. शिमानो सगळे सुटे भाग एकत्र घेणाऱ्या सायकल कंपन्यांना सवलत देते, मग आमची मूठ कोण घेणार, असं म्हणत स्रॅमने १९९० मध्ये शिमानोवर दावाही ठोकला होता. तो १९९१ मध्ये कोर्टाबाहेर मिटला.

पुढे शिमानोने स्वस्त सायकलींसाठी ‘रेव्होशिफ्ट’ मूठ काढली. आपल्याकडे बहुतेकांची पहिली ओळख होते ती हिच्याशी, नाहीतर तिच्या नकलांशी. दरम्यान वरच्या टोकाला स्रॅमने २०१२ मध्ये बॉल बेअरिंगवर फिरणारी आणि आत धातूच्या खाचा असलेली मूठ आणली, नंतर पुढे एकच चकती (चेनरिंग) आणि मागे ११ किंवा १२ गियर असलेल्या सायकलींसाठीही काढली. स्वित्झर्लंडचा नीनो शुर्टर, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकचा क्रॉस-कंट्री सुवर्णविजेता, कित्येक मोसम ग्रिप शिफ्टवर शर्यती खेळलाय.

थोडक्यात, मूठ हलकी की भारी हे त्या विशिष्ट मुठीवर ठरतं. स्वस्त मूठ आणि स्वस्त ट्रिगर यांची तुलना करा, महागड्या ट्रिगरशी नको. आणि तशी तुलना केलीत तर सगळ्यात खालच्या पायरीवर मला मूठच जास्त भरवशाची वाटते.

७. मूठ इतकी जड झालीय की दोन्ही हात लावावे लागतात. शिफ्टर बदलू का?

थांबा. दुकानात जाण्याआधी दोष मुठीत आहे की केबलमध्ये ते शोधा. घरी दहा मिनिटांचं काम आहे आणि एकही हत्यार लागत नाही.

सायकल उलटी करा किंवा मागचं चाक उचलून धरा. पेडल हाताने फिरवत चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, म्हणजे १ वर आणा. आता पेडल आणि चाक दोन्ही थांबवा, आणि न फिरवता मूठ सगळ्यात मोठ्या आकड्यावर न्या. चेन हलणार नाही, पण केबल ढिली पडेल. फ्रेमवर जिथे केबलचं काळं आवरण (आउटर) खाचेत अडकवलेलं असतं तिथून ते ओढून बाहेर काढा. केबल लोंबू लागेल. एका हाताने तिला हलकासा ताण द्या आणि दुसऱ्याने मूठ फिरवून बघा.

मूठ आता लोण्यासारखी फिरली तर तिच्यात काहीच दोष नाही. आउटर केबलवर पुढे-मागे सरकवा, कुठेतरी खरखर लागेल. बहुतेक वेळा मागच्या डिरेलरजवळचा शेवटचा वळसा गुन्हेगार असतो. चिखल-पाणी सगळ्यात जास्त तिथेच उडतं आणि वळणही तिथेच तीव्र. केबल आणि आउटर दोन्ही बदला. फक्त केबल बदलून आत गंज तसाच ठेवला तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. बदलताना आउटर गियरचंच आहे ना ते डोळ्यांनी बघा. काही जण हाताशी आहे म्हणून ब्रेकचं आउटर लावून देतात. ब्रेकच्या आउटरमध्ये गुंडाळलेली तार असते, ती दाबाखाली आखडते आणि गियर नेमका बसत नाही. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, कापलेल्या तोंडाशी त्यांचे ठिपके दिसतात.

ढिल्या केबलवरही मूठ जडच असेल, तर आधी बाहेरची स्थिर ग्रिप बघा. ती ठोकून ठोकून फिरणाऱ्या भागाला भिडवलेली असते आणि घासत असते. दोघांच्या मधे प्लास्टिकचा एक पातळ वॉशर असतो. तो हरवलेला असणं अगदी नेहमीचं. ग्रिप दोनेक मिलीमीटर बाहेर सरकवा आणि पुन्हा फिरवून बघा. मुलांच्या सायकलींत तर पहिल्यांदा मी हेच पाहतो.

एवढं करूनही जड असेल, तरच मूठ उघडून साफ करा (प्रश्न ८). नवीन घ्यायची पाळी त्यानंतर.

८. पावसाळ्यानंतर मूठ कशी साफ करायची? आमचा सायकलवाला रॉकेलने धुतो.

चेन रॉकेलने धुवा, मूठ नको. आतलं ग्रीस धुऊन जातं, ते परत कोणी लावत नाही, आणि प्लास्टिक प्लास्टिकवर कोरडं घासत राहतं. पेट्रोल त्याहून वाईट, ते रबर आणि काही प्लास्टिक दोन्ही खराब करतं. ‘गंज सोडवणारे’ स्प्रेही इथे नकोत. मारल्यावर दोन दिवस मस्त वाटतं, कारण ते जुनं ग्रीस पातळ करून वाहवून नेतात.

बाहेरून साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. फिरणारा आणि स्थिर भाग यांच्या फटीत सह्याद्रीतली लाल माती बसते, तिथे जोर द्या. पाण्याचा प्रेशर पाइप मात्र मुठीवर थेट मारू नका, फटीतून पाणी आत जातं.

उघडणारच असाल तर उघडतानाचा एक फोटो काढून ठेवा. आतली छोटी पट्टी-स्प्रिंग निसटली की कुठल्या बाजूने होती ते आठवत नाही. पुसायला कोरडा कपडा, आणि ग्रीस प्लास्टिकला चालणारं, म्हणजे सिलिकॉनचं. स्रॅम आपल्या मुठींसाठी वेगळं ग्रीस विकत असे, ते याच कारणासाठी. बेअरिंगचं पिवळं-तपकिरी ग्रीस टाळा. बोटाच्या टोकावर मावेल एवढं पुरे. ड्रमच्या खाचांवर आणि केबल जिथे वळते त्या चरात लावा.

कोकणात किनाऱ्याजवळ राहत असाल तर केबल दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलाच. खारी हवा आउटरच्या आतून काम करते, बाहेरून काही दिसत नाही.

९. रबर चिकट झालंय, हाताला काळं लागतं.

उन्हात आणि घामात काही प्रकारचं मऊ रबर उसवत जातं. स्पिरिटने पुसून वर टाल्कम पावडर चोळली की काही आठवडे निभावतं. काही मॉडेलांचं वरचं रबर वेगळं मिळतं, बहुतेकांचं मिळत नाही. मूठ स्वस्तातली असेल तर अख्खी बदला.

१०. केबल बदलायला मूठ पूर्ण उघडावी लागते का?

मॉडेलवर आहे. जुन्या ग्रिप शिफ्टमध्ये मूठ उघडावीच लागायची. नंतरच्या बऱ्याच मुठींत रबराखाली किंवा बाजूला एक छोटं झाकण असतं, कधी स्क्रू लावलेलं, कधी नुसतं दाबून बसवलेलं. नियम एकच: मूठ सगळ्यात मोठ्या आकड्यावर न्या, मगच केबलचं डोकं त्या भोकासमोर येतं. १ वर ठेवून कितीही ढकललंत तरी केबल बाहेर येणार नाही. नवीन केबलचं टोक आधी कापू नका. तारा एकदा उसवल्या की आत ओवणं म्हणजे शिक्षा.

११. ट्विस्ट काढून ट्रिगर बसवता येईल का? बाकी सगळं बदलावं लागेल?

सहसा लागत नाही, पण दोन गोष्टी जुळायला हव्यात.

एक, मागच्या गियरची संख्या. मागे ७ चकत्या असतील तर शिफ्टर ७ चाच. (७ आणि ८ मधलं अंतर इतकं जवळ आहे की एकमेकांवर कामचलाऊ जुळतात. अडचणीत ठीक, मुद्दाम घेऊ नका.)

दोन, एका टक्कीत केबल किती ओढली जाते ते. शिमानोच्या ७, ८ आणि ९ गियरच्या पद्धतीत ती अडीच ते तीन मिलीमीटरच्या दरम्यान असते. स्रॅमच्या ‘१:१’ पद्धतीत ४ मिलीमीटरच्या आसपास. म्हणून शिमानो डिरेलरवर स्रॅमची १:१ मूठ लावली की एका टक्कीत चेन दीडेक गियर उडी मारते, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी जुळत नाही. स्रॅमने शिमानोच्या डिरेलरवर चालणाऱ्या मुठीही काढल्यात, ‘एमआरएक्स’ त्यातली. तेव्हा नाव बघून घेऊ नका, कुठल्या डिरेलरसाठी आहे ते खोक्यावर वाचा.

आपल्याकडची नेहमीची केस सोपी आहे: शिमानोचा टूर्नी डिरेलर, मागे ७ चकत्या, रेव्होशिफ्ट मूठ. शिमानोचाच ७ गियरचा ट्रिगर आणा, केबल-आउटर नवीन घाला, झालं. सोबत पूर्ण लांबीच्या ग्रिप घ्यायला विसरू नका. ट्विस्टच्या आखूड ग्रिप ट्रिगरला लावल्या तर मधे नागडं हँडल उरतं. जुनी ग्रिप काढायला खालून बारीक काडी घालून थोडं स्पिरिट सोडा. तेल नको, नाहीतर नवीन ग्रिप हातात फिरत राहील.

उलट, म्हणजे ट्रिगर काढून ट्विस्ट बसवायचा असेल तर आणखी एक बघा: ब्रेक लिव्हर आणि ट्रिगर एकाच भागात जोडलेले आहेत का? काही स्वस्त सायकलींवर ते जोडून येतात. मग ब्रेक लिव्हरही बदलावा लागतो. हँडलचा सरळ भागही मोजा. वर वळलेल्या हँडलवर मूठ वळणावर आली तर अडकते.

१२. मुलांना ट्विस्ट बरा की ट्रिगर?

समजायला ट्विस्ट सोपा. आकडे समोर असतात, फिरवलं की काहीतरी होतं. पण समजणं आणि ताकद यात फरक आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला जाड, कडक मूठ फिरवणं जड जातं, आणि जड जाते ती नेमकी केबल ओढण्याची बाजू, म्हणजे चढावर जी लागते ती.

दुकानात हे करून बघा. मागचं चाक उचलून पेडल तुम्ही फिरवा आणि मुलाला एका हाताने मोठ्या आकड्यावरून १ पर्यंत यायला सांगा. शेवटच्या दोन टक्का स्वतःहून जमल्या तर घ्या. नाही जमल्या तर आधी ग्रिप घासत नाही ना बघा (प्रश्न ७), मग ट्रिगरचा विचार करा.

आणि पुढे तीन चकत्या असलेली २० इंची सायकल घेऊ नका. २१ गियरचा आकडा आई-बाबांसाठी असतो. मुलाला मागचे सहा-सात पुरतात.

१३. मूल उभ्या सायकलवर मूठ फिरवत बसतं. काही बिघडतं का?

मोठ्या आकड्याकडे फिरवली तर केबल नुसती ढिली होते. १ कडे ओढली तर चेन हलत नसल्याने सगळा ताण केबलवर आणि मुठीतल्या खाचांवर येतो. लगेच काही तुटत नाही, पण पुढच्या वेळी पेडल मारल्यावर चेन कडाकडा चार चकत्या पार करते, कधी स्पोकमध्येही पडते. पाय मारण्याआधी चाक उचलून पेडल दोनदा हाताने फिरवा, चेन आपल्या जागी जाईल.

१४. अंगठा दुखतो म्हणून ट्विस्ट घ्या असं सांगतात, मनगट दुखतं म्हणून घेऊ नका असंही. खरं काय?

दोन्ही बरोबर, माणसं वेगळी. ट्रिगरचा सगळा भार अंगठ्यावर. त्याच्या सांध्याला संधिवात असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर पूर्ण पंजाने फिरवणं सुसह्य वाटतं. दुखणं मनगटात असेल तर पिळण्याची हालचाल ते वाढवू शकते. कुठे दुखतं त्यावर ठरवा, आणि विकत घेण्याआधी कुणाची तरी सायकल उसनी घेऊन अर्धा तास चालवा. दुखणं जुनं असेल तर आधी डॉक्टर, मग शिफ्टर.

१५. पुढच्या डिरेलरवर चेन घासते. ट्रिगरवाल्या मित्राचं असं होत नाही.

गंमत म्हणजे इथे ट्विस्टची बाजू वरचढ असू शकते. डाव्या मुठींचे दोन प्रकार आहेत. काहींत फक्त तीन टक्का, म्हणजे १, २, ३. काहींत, विशेषतः ग्रिप शिफ्टमध्ये, बारीक बारीक टक्कांची रांग असते. अशा मुठीत चेन घासू लागली की एखादी टक् पुढे-मागे करून डिरेलरचा पिंजरा हवा तसा सरकवता येतो. मूठ अगदी हळू फिरवून टक्का मोजा. तीनहून जास्त आल्या तर घासणं तुमच्याच हातात आहे. तीनच असतील तर केबलचा ताण आणि डिरेलरचे दोन स्क्रू नीट लावून घ्या. आणि पुढे मोठी, मागेही मोठी अशी तिरकी जोडी असेल तर चेन घासणारच, कुठलाही शिफ्टर असला तरी.

१६. ई-सायकलवर उजव्या हाताला थ्रॉटल आहे, गियरची मूठही उजवीकडेच. चालेल?

पिळायचं थ्रॉटल आणि पिळायचा गियर एकाच हाताला ठेवू नका. घाईत चुकीचा भाग फिरतो, आणि थ्रॉटलची चूक गियरच्या चुकीपेक्षा महागात पडते. अंगठ्याने दाबायचं थ्रॉटल घ्या, किंवा गियर ट्रिगरवर न्या. गियर टाकताना मोटरचा जोर क्षणभर सोडायचा हे आहेच, नाहीतर चेन आणि चकत्या लवकर झिजतात.

१७. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत गियर असलेल्या सायकलींवर महागातसुद्धा ट्विस्टच का असतो?

कारण तिथे तोट्यांची यादी (प्रश्न ४) बरीचशी गळून पडते. जर्मनीचा रोलॉफ स्पीडहब घ्या. १९९८ पासून मिळतो, १४ गियर, सगळ्यात जड गियर सगळ्यात हलक्याच्या ५२६ टक्के. त्याला दोन केबली असतात, एक इकडे ओढते, एक तिकडे, परत खेचणारी स्प्रिंग नाही. दोन्ही दिशांना सारखंच फिरवायचं असेल तर मूठच सोयीची. शिवाय ‘टक्’ हबच्या आत असते, मुठीत नाही, त्यामुळे केबल थोडी सैल झाली तरी गियर चुकत नाही. आणि उभ्या सायकलवरही गियर बदलतो, म्हणून प्रश्न १३ तिथे उद्भवतच नाही. सामान लादून लांबच्या दौऱ्यावर जाणारे त्यावर जीव टाकतात. किंमत मात्र अख्ख्या चांगल्या सायकलीएवढी.

१८. खाली वळलेल्या हँडलवर, म्हणजे ड्रॉप बारवर, एमटीबीची मूठ बसेल?

सरळ नाही. एमटीबीच्या हँडलची मुठीपाशी जाडी २२.२ मिलीमीटर, ड्रॉप बारची २३.८. दीड मिलीमीटरचाच फरक, पण मूठ चढतच नाही, आणि चढवली तरी वळणावरून सरकत नाही. रोलॉफवाले यावर दोन मार्ग काढतात: मधून दोन तुकड्यांत सुटणारा ड्रॉप बार, किंवा स्टेमजवळ (हँडल मधोमध धरणारा भाग) २२.२ ची एक आखूड नळी जोडून तिच्यावर मूठ. दुसऱ्या मार्गात हात हँडलवरून सोडावा लागतो. मूठ आतून कापून मोठी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतल्या भिंतीची जाडी जेमतेम असते, आणि तिच्यावरच ड्रम फिरतो.